बोटभर माया

टीपताईला खऱ्या नावानं हाक मारणारं आमच्या कारखान्यात कुणी उरलं नव्हतं. मशीनवर तिची टीप इतकी सरळ यायची की नवीन आलेले इंजिनिअर पट्टी लावून बघायचे आणि मग पट्टीवरच संशय घ्यायचे. म्हणून ती टीपताई. मी तिच्या शेजारच्या टेबलावरची तपासनीस. हातात सदानकदा भिंग, म्हणून मी भिंगबाई. हे नाव मला माहीत नाही अशी सगळ्यांची समजूत आहे आणि मीही ती मोडत नाही.

आम्ही तिथं बाह्या शिवायचो. हसू नका. पृथ्वीभोवती फिरणारं जे अंतराळ स्थानक आहे, त्याच्या बाहेरच्या अंगाला एक यांत्रिक हात बसवलेला आहे, बसपेक्षा लांब. खालून सामान घेऊन आलेलं यान हा हात अलगद धरतो आणि स्थानकाच्या दाराशी नेऊन लावतो. बाहेरचा पंप बदलायचा असेल, दिवा बदलायचा असेल, तर बाहेर पडलेल्या माणसाचे पाय हाताच्या टोकाला अडकवतात आणि हात त्याला उचलून कामाच्या जागी नेऊन उभा करतो. या हाताला खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे. साहेबांनी पहिल्या दिवशी हे शब्द वापरले तेव्हा टीपताई म्हणाली, "मग बाही शिवायची म्हणा की सरळ. त्याला एवढे कागद कशाला?"

कागद लागत होते, कारण तिकडे दीड तासात एक दिवस आणि एक रात्र उरकते. उन्हात गेलं की भाजून निघतं, सावलीत आलं की सांध्यातलं वंगण गोठायला बघतं. म्हणून प्रत्येक सांध्याला वीस पदरांची बाही. आत कांद्याच्या सालीएवढे पातळ चकचकीत पापुद्रे, दर दोन पापुद्र्यांमध्ये जाळी, आणि सगळ्यांना धरून ठेवायला वरून काचेच्या धाग्याचं पांढरं कापड. आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या डगल्यात, तोंडाला फडकं, हातात मोजे, पावडर नाही, अंगठी नाही. एक केस पडला तरी तो चिमट्यानं उचलून वहीत मांडायचा. वही माझ्याकडे असायची. केसही बहुतेक वेळा माझाच असायचा.

टीपताई या कामाला लागली ती चाळिशीत. त्याआधी एका शाळेसमोरच्या गल्लीत, दवाखाना आणि किल्ल्या करणाऱ्याचं दुकान यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत तिचं मशीन होतं. कंबर सैल करा, उंची वाढवा, चेन बदला. मुख्य गिऱ्हाईक शाळेतली मुलं, आणि मुलांच्या आया सगळ्या एकच सांगायच्या, "माया ठेवा हं जरा, वाढतं अंग आहे." माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, हे ज्यांनी एक पँट तीन वर्षं वापरलीय त्यांना सांगायला नको. मूल वाढलं की शिवण उसवायची आणि आतलं कापड बाहेर काढायचं. टीपताईची रीत याच्याही पुढची होती. ती दोन टिपा घालायची. आधी आत, कापडाच्या कडेला एक. मग बोटभर अलीकडे दुसरी, नेहमीची. पुढं कधी ही नेहमीची उसवली की आतली आपली तयारच. पुन्हा शिंप्याकडे जायला नको, आईनं घरच्या घरी ब्लेडनं काम उरकावं. "आधी उद्याची टीप, मग आजची," असं ती म्हणायची. त्यामुळं गिऱ्हाईक परत यायचंच नाही, आणि दुकान का चालत नाही म्हणून ती आणि तिचा नवरा डोकं धरून बसायचे.

आमच्या तीनशे पानांच्या आराखड्यात माया हा शब्दच नव्हता. शिवणीच्या पलीकडे सहा मिलिमीटर कापड ठेवा, संपलं. नऊ वर्षांपूर्वी कोपराची बाही माझ्या टेबलावर तपासायला आली. मी शिवणीवरून बोट फिरवलं आणि बोट थांबलं. आत जाड लागत होतं.

"हे काय गं?" मी हळूच विचारलं.

"कोपर आहे," ती म्हणाली. "शर्ट आधी कुठं फाटतो? कोपरात. पंधरा वर्षं वाकायचंय त्या बिचाऱ्याला."

"आराखड्यात सहा मिलिमीटर आहे."

"आराखडा काढणाऱ्यानं कधी बाही शिवलीय का?"

बाहेरून माप आराखड्याबरहुकूम होतं. इंचाला आठ टाके, एक कमी नाही की जास्त नाही. मी भिंग बाजूला ठेवलं आणि शिक्का मारला: तपासले, आराखड्यानुसार. खाली माझी सही. हे मी मैत्रीखातर केलं असं म्हणायला मला फार आवडेल. खरं म्हणजे बाही उसवून पुन्हा शिवायची तर माझेही दोन दिवस कागद भरण्यात गेले असते.

बाही वर गेली, हाताला चढली आणि नऊ वर्षं बिनतक्रार वाकली. मग एका सोमवारी कारखान्यात बातमी आली की हात कोपरात अडकतोय. साठ अंशांपर्यंत वाकतो, पुढं मोटर जोर खाते आणि आपोआप बंद पडते. सोबत तिथल्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो होता. त्यात शिवणीच्या रेषेवर एक उंचवटा दिसत होता आणि त्याच्याभोवती लाल गोल काढला होता. खाली एकच ओळ: ही जाडी आराखड्यात नाही, खुलासा करावा.

टीपताई त्या लाल गोलाकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी जिन्याखाली जाऊन उभ्या राहिलो.

"माझ्यामुळं अडकलाय तो," ती म्हणाली.

"कशावरून?"

"आतलं कापड गोळा होऊन सांध्यात गेलं असणार. मीच ना कोंबलं ते तिथं."

"तू तोंड उघडू नकोस," मी म्हणाले. "नऊ वर्षं झालीत. कापड फुगलं म्हणतील आणि सोडून देतील. तू गप्प, मी गप्प. इथं शिवणीतलं कळतंय कुणाला?"

हो, असंच म्हणाले मी. मला त्या फोटोत उंचवटा दिसत नव्हता, माझी सही दिसत होती.

तीन दिवस ती मूग गिळून बसली. डबा न उघडता घरी न्यायची. मंगळवारी सुई बोटात गेली, तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि रक्ताचा थेंब पडला म्हणून अख्खा तुकडा टाकून द्यावा लागला. दर तासाला मला एकच विचारायची, "अडकला तेव्हा त्याच्यावर कुणी उभं होतं का गं?" उभं होतं. एक अंतराळवीर बाई पाय अडकवून उभी होती. हात थांबल्यावर तिला पाय सोडवून, कडी कडी धरत, चाळीस मिनिटं रांगत परत यावं लागलं. तिला काही झालं नव्हतं. हे मी टीपताईला निदान दहा वेळा सांगितलं, आणि दहाही वेळा तिनं पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

गुरुवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. साहेब म्हणजे सांध्यांचे मुख्य इंजिनिअर. माणूस सरळ, पण काळजीत असला की पेनाचं टोपण काढत-घालत बसायचा. त्या दिवशी टोपण एकसारखं वाजत होतं.

"सामानाचं यान दहा दिवसांनी पोचतंय," ते म्हणाले. "त्यात खाणं आहे, हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचे भाग आहेत. ते धरायचं तर कोपर नव्वद अंशांत वाकायला हवं. नवी बाही आपण चार दिवसांत शिवू. पण ती ज्या यानातून जाणार, ते यान धरायलाच हा हात लागणार."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"म्हणजे दोनच मार्ग. जोर लावून वाकवायचं, नाहीतर बाही कापून टाकायची. जोर लावला आणि दोष आतल्या चाकांत निघाला, तर हात कायमचा गेला. बाही कापली तर यान धरता येईल, पण उघडं कोपर गारठून किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. आणि ती जाडी काय आहे ते कळल्याशिवाय मला यातलं काहीच ठरवता येत नाहीये."

मी टीपताईकडे बघून मान हलवली, नको म्हणून. ती उभी राहिली.

"साहेब, ती माया आहे."

टोपण थांबलं. "काय आहे?"

"माया. मी ठेवली. बोटभर."

एका तरुण इंजिनिअरनं घाईघाईनं आराखडा उघडला आणि शेवटच्या पानावरच्या संक्षिप्त शब्दांच्या यादीत 'माया' शोधायला लागला. कुणाला हसू आलं नाही. टीपताईनं सगळं सांगितलं, शाळेसमोरच्या दुकानापासून. आणि शेवटी म्हणाली, "तपासनीसबाईंना यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी तपासल्यावर मी हळूच ठेवली."

शिवून झालेल्या बाहीत मागाहून माया ठेवता येत नाही. माया आधी कापावी लागते. कुठल्याही शिंप्यानं हे ऐकून पोट धरून हसावं. पण त्या खोलीत शिंपी एकच होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी टेबलाकडे बघत राहिले.

साहेब भडकले. "अहो, तीन दिवस आम्ही चाकं तपासतोय, मोटर तपासतोय, माणसं झोपली नाहीत! आणि तुम्ही..." मग ते मध्येच थांबले. "थांबा. ही तुमची माया उसवली तर बाही सैल होते?"

"त्यासाठीच ठेवतात, साहेब."

तिनं फोटो पुन्हा हातात घेतला. सोमवारी भीतीनं तिला फक्त लाल गोल दिसला होता. आता ती पूर्ण बाही बघत होती. "कापड सांध्यात गोळा झालं असतं तर सुरकुत्या पडल्या असत्या," ती सावकाश म्हणाली. "इथं एकही सुरकुती नाही. बघा ना, कोपरावर किती ताणलंय. हे गोळा नाही झालेलं. तोकडं झालंय. ऊन आणि थंडी खाऊन आक्रसलंय, धुतलेल्या शर्टासारखं."

खोलीत कुजबुज सुरू झाली. साहेबांनी हात वर करून ती थांबवली. "बाहेरची शिवण उसवली तर आतल्या पापुद्र्यांना धरून काय ठेवणार?"

"आत दुसरी टीप असते."

"असते की आहे?"

"असते, साहेब. मी नेहमीच..."

"टीपताई, असते नको. त्या बाहीत, त्या शिवणीत, आहे का? ते सांगा."

आत टीप नसली तर काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. शिवण उसवली की वरचं कापड फाकणार, आतले पापुद्रे बाहेर येऊन सांध्यात जाणार, हात उरलासुरला जाणार, आणि हे सगळं तिथं ब्लेड घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या हातात होणार.

मला त्या दिवसाची वही आणायला सांगितलं. माझंच अक्षर. कोपराची शिवण सुरू एक वाजून चाळीस मिनिटं. दोन वाजता टीपताई कारखान्यातून बाहेर. शेरा: घरून फोन, लवकर गेली. त्या लांबीच्या एका टिपेला वीस मिनिटं लागतात हे मला माहीत होतं आणि साहेबांनाही. दोन टिपांना वेळ कुठला?

"त्या दिवशी शाळेतून फोन आला होता," टीपताई म्हणाली. "पोरीला ताप. मी घाईत होते. मला आठवत नाही, साहेब. खरंच आठवत नाही."

"सोमवारी सकाळपर्यंत," साहेब म्हणाले. "आहे किंवा नाही."

रविवारी दुपारी मला घरी बसवेना. तिच्या घरी गेले तर दारातच कपड्यांचा ढीग. कोपराची बाही शिवली त्या वर्षी घरात शिवलेलं जे जे टिकलं होतं, ते सगळं तिनं कपाटातून, पलंगाखालून, माळ्यावरून काढलं होतं आणि जमिनीवर बसून एकेक शिवण उलटून बघत होती. नवरा खिडकीत गंजीवर बसलेला. तो विजेचे मीटर तपासायचा, आता निवृत्त. त्याचे झाडून सगळे शर्ट ढिगात होते.

"या," तो मला म्हणाला. "तुमचं भिंग आणलंत? बरं झालं. आमच्याकडे चौकशी चालू आहे."

मी खाली बसले आणि भिंग काढलं. फ्रॉक, शाळेचा स्कर्ट, उशांचे अभ्रे, तिच्या बहिणीचा झगा. तेरा कपडे झाले आणि तेराही कपड्यांत दोन टिपा निघाल्या. माझा जीव जरा भांड्यात पडत होता. चौदावा नवऱ्याचा चौकड्याचा शर्ट. मी शिवण उलटली. एकच टीप. आत कापड कडेपर्यंत कापलेलं, मायाच नाही.

नवऱ्यानं वाकून बघितलं. "म्हणजे पोरीला माया, मेहुणीला माया, उशीलासुद्धा माया. त्या आभाळातल्या लोखंडी हाताला माया. आणि मला?"

"तुमची वाढ संपली होती," ती न बघता म्हणाली.

"पोटाची कुठं संपली होती?"

मला हसू फुटलं. तिला नाही. ती त्या शर्टाकडे बघत होती. "म्हणजे मी दर वेळी घालत नाही," ती म्हणाली. "तू बघ ना, घालत नाही मी दर वेळी. उद्या आहे म्हणाले आणि नसली तर? ती बाई असेल गं तिथं." तिनं दोन्ही हात मांडीखाली घालून दाबून धरले.

नवरा उठला, माळ्यावर हात घालून एक पिशवी काढली. "ही राहिलीच होती," तो म्हणाला. "काय आहे कुणास ठाऊक."

आत एक पिवळा फ्रॉक होता, अर्धवट. कापलेला, एका बाजूची शिवण तेवढी घातलेली, हाताची भोकं उघडी. 

"हा पुरा का केला नाहीस?" मी विचारलं.

"त्याच आठवड्यात तिला ताप आला ना. बरी झाली आणि म्हणाली, पिवळा नको."

मी शिवण भिंगाखाली धरली. एक टीप. पण ती नेहमीच्या जागी नव्हती. आत होती, कापडाच्या अगदी कडेला. नेहमीच्या टिपेच्या जागी फक्त खडूची रेघ होती, नऊ वर्षांत पुसट झालेली.

"अगं," मी म्हणाले, "तू आधी आतली घालतेस."

"आधी आतलीच. नेहमी. तिच्यावर बाकीचं बसतं."

"मग घाईत काय राहून जाईल? बाहेरची. या फ्रॉकची राहिलीच ना. आणि कोपराची बाहेरची टीप तर फोटोत दिसतेय. म्हणजे आतली तिच्याआधी झालेली असणार. जिथं माया आहे, तिथं आतली टीप आहे."

"पण वीस मिनिटं..."

वीस मिनिटांचं कोडं माझं मलाच उलगडलं, आणि उलगडल्यावर लाज वाटली. आराखड्यात एकच टीप होती, म्हणून माझ्या वहीत एकच टीप मांडायला जागा होती. बाहेरची सुरू झाली की मी वेळ लिहायची. त्याआधी, जेवणाच्या सुट्टीपर्यंत, ती मशीनवर वाकून काय करत होती ते मी लिहिलंच नव्हतं. लिहिलं असतं तर विचारावं लागलं असतं.

"खात्रीनं सांग," ती म्हणाली.

"खात्री मला कुठून असणार?" मी म्हणाले. "हात तुझा आहे."

सोमवारी तिनं पिवळा फ्रॉक साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि मी भिंग ठेवलं. साहेबांनी बराच वेळ शिवण बघितली. कधी टोपण लावलं, कधी काढलं. "पुरावा म्हणून हा कुठंच चालणार नाही," ते म्हणाले. मग फ्रॉकची घडी घातली, चुकीची घातली, तिनं ती नीट करून घेतली. "आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," ती म्हणाली.

त्या दुपारी तिला एका लहान खोलीत बसवून वरच्या बाईशी जोडून दिलं. पडद्यावर एक हसरा, थकलेला चेहरा आला, केस चारी बाजूंनी उभे. 

"ताई, मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही," ती बाई म्हणाली. "बटण तुटलं तरी माझा नवरा लावतो."

"काही हरकत नाही. उसवायला अक्कल नाही, धीर लागतो," टीपताई म्हणाली. "सगळे टाके कापायचे नाहीत. दर चौथा काप. मग दोऱ्याचं टोक धरून ओढ, सावकाश. आणि दुसऱ्या हातानं कापड दाबून ठेव, एकदम सुटू देऊ नकोस." दोन दिवस ती बाई जाड मोजे घालून आपल्या सामानाच्या पिशवीची शिवण उसवत बसली. पहिल्या दिवशी पिशवी फाटली. दुसऱ्या दिवशी टीपताईनं पुन्हा डबा उघडला नाही.

बुधवारी सकाळी अकरा वाजता आम्ही सगळे मोठ्या खोलीत जमलो. टीपताईला पुढं खुर्ची दिली होती, पण ती बसली नाही. पडद्यावर कोपर आलं, आणि त्याच्यावर जाड मोजा घातलेला एक बोजड हात. ब्लेड पहिल्या टाक्याला लागलं.

"टोक वर धर," टीपताई पडद्याला म्हणाली. वर त्या बाईला हा आवाज ऐकू जाणार नव्हता. "खुपसू नकोस. हां. आता तीन सोड."

एकेक टाका तुटत गेला. पाऊण तास लागला. मग त्या हातानं दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं, आणि दोरा अर्ध्यात तुटला. कुणीतरी "गेलं" म्हणालं. हात थांबला, पुन्हा टोक शोधलं, पुन्हा ओढलं. शिवण एकदम फाकली. नऊ वर्षं ताणून बसलेलं कापड झटक्यात मागं सरकलं. टीपताईनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की चार दिवस वळ होता. मी डोळे मिटले. खरं सांगते, मिटले.

"आहे," तिचा आवाज आला.

मी बघितलं. कापड बोटभर सरकून थांबलं होतं, आणि आतल्या टिपेनं ते धरून ठेवलं होतं, टाका न टाका जागेवर. बाहेरची बाही उन्हानं पिवळट, करपट झालेली. आणि उसवलेल्या जागी बाहेर आलेली पट्टी मात्र कापली त्या दिवशीइतकी पांढरीशुभ्र. वाढवलेल्या पँटच्या पायाशी असते तशी रेघ. आमच्यातल्या प्रत्येकानं ती कधी ना कधी अंगावर घातली होती, साहेबांनीसुद्धा.

मग हात वाकला. साठ. एकसष्ट. पासष्टला जरा थबकला. पुन्हा निघाला. सत्तर, ऐंशी, नव्वद. लोक टाळ्या वाजवायला लागले. टीपताई मटकन जमिनीवर बसली आणि तोंडावर डगल्याची बाही धरून रडली.

यान ठरल्या दिवशी धरलं गेलं. त्यानंतर चौकशी झाली. साहेबांनी तिच्यासाठी बरंच ओढून धरलं, पण आराखडा मोडून कुणाला न सांगता काही शिवणाऱ्या माणसाला पुन्हा त्या मशीनवर बसवता येत नाही. नियम चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही, कारण तिनं सांगितलं नसतं तर त्या टिपेचा कुणालाच पत्ता लागला नसता. ती आता भांडारात बसते आणि दोऱ्याची रिळं मोजून देते. नव्या आराखड्यात एकोणिसाव्या पानावर एक ओळ वाढलीय: माया पंधरा मिलिमीटर, टिपा दोन, आतली आधी. तिच्या टेबलावर नवीन मुलगी आहे. तिची टीप बरी येते.

मी माझ्याच टेबलावर आहे, माझ्याच शिक्क्यासकट. चौकशीच्या कागदात लिहिलंय, तपासनीस अनभिज्ञ होत्या. एकदा मी भांडारात जाऊन टीपताईला विचारलं, "माझ्यासाठी खोटं का बोललीस?"

"दोघींनी कशाला जायचं?" ती म्हणाली, आणि रिळं मोजायला लागली.

यंदा थंडी पडली तेव्हा मी निळा कोट काढला. सात वर्षांपूर्वी तिनंच शिवून दिलेला. दंडात घट्ट होत होता. माझी वाढ तेव्हाच संपलेली होती, पन्नाशी उलटली होती, त्यामुळं आत काही असेल असं मला वाटलं नव्हतं. तरी खिडकीपाशी बसून मी बाही उलटी केली, भिंग लावलं. बोटभर कापड होतं. कडेला उद्याची टीप होती. मी ब्लेड घेतलं, दर चौथा टाका कापला आणि दोरा ओढला. आतून जी पट्टी निघाली ती पहिल्या दिवसाइतकी निळी होती.

दुसऱ्या दिवशी तोच कोट घालून मी कामावर गेले. डगला घालायच्या आधी साहेबांच्या खोलीत गेले आणि शिक्का त्यांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब," मी म्हणाले, "नऊ वर्षांपूर्वी ती माया माझ्या बोटाला लागली होती. मला माहीत होतं."